टेरी फॉक्स

कॅनडा देशांतील विनिपेग शहरीं ता. २८ जुलै १९५८ रोजीं टेरी फॉक्स याचा जन्म झाला. त्याचे वडील रेल्वेंत नोकरीस होते. पुढें हें कुटुंब पश्चिमेकडील ब्रिटिश कोलंबिया प्रांतांत जाऊन पोर्ट कोक्विटलम या गांवीं स्थायिक झालें. टेरी अंगानें लहानखुरा होता. परंतु बास्केटबॉल खेळावयाचें हा त्याचा हट्ट. त्याच्या व्यायामशिक्षकांनीं त्याला लांब पल्ल्याच्या धांवण्याकडे वळविलें. तें त्याला आवडत नसे, तरी शिक्षकांविषयींच्या आदरामुळें तो धांवूं लागला आणि बास्केटबॉलचा नादहि त्यानें सोडला नाहीं. आठव्या इयत्तेच्या सबंध हंगामांत त्याला अवघें एक मिनिट खेळावयास मिळालें! शाळा संपतांना मात्र उत्कृष्ट खेळाडूचा मान त्याला व त्याचा मित्र डग ऑलवर्ड याला विभागून देण्यांत आला.

१९७७ च्या मार्च महिन्यांत, विद्यापीठांत शिकत असतांना, त्याच्या उजव्या गुडघ्याचें दुखणें असह्य झालें. तपासणीअंतीं हाडाचा कर्करोग निघाला व गुडघ्याच्या वर पाय कापावा लागला. त्या वेळीं त्याचें वय अठरा वर्षांचें होतें. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीं त्याच्या एका शिक्षकांनीं त्याला एक मासिक आणून दिलें; त्यांत, एक पाय गमावूनहि न्यूयॉर्कची मॅरेथॉन शर्यत धांवलेल्या डिक ट्रॉम यांची हकीकत होती. पुढें सुमारें सोळा महिने औषधोपचार चालले. तेथें कोवळीं मुलें वेदनेनें तळमळतांना त्यानें पाहिलीं. त्याला आणखी एक गोष्ट कळली. त्याच्या जगण्याची आशा शेंकडा ५० होती. दोनच वर्षांपूर्वीं ती शेंकडा १५ असती. हा फरक संशोधनानें पडला होता, आणि संशोधनास पैसा लागतो. दुसऱ्यांनीं दिलेला पैसा आपल्या जिवाला कामीं आला, तर आपणहि तो पुढल्यांसाठीं मिळवावा, असा त्यानें साधा हिशेब केला. कॅनडा देश या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत धांवून जावयाचें व वाटेंत कर्करोगाच्या संशोधनासाठीं पैसा गोळा करावयाचा! आईला हा बेत मुळींच रुचला नाहीं. सरावास चौदा महिने लागले. १९७९ सालीं प्रिन्स जॉर्ज येथील १७ मैलांच्या शर्यतींत तो सर्वांत शेवटीं आला. पण त्यानें ती पुरी केली.

ता. १२ एप्रिल १९८० रोजीं न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथें त्यानें कृत्रिम पाय अटलांटिक महासागरांत बुडविला आणि तो धांवत निघाला. समुद्राच्या पाण्याच्या दोन बाटल्या त्यानें भरून घेतल्या. एक आठवणीसाठीं, दुसरी पलीकडे पॅसिफिक महासागरांत ओतण्यासाठीं. रोज सुमारें ४२ किलोमीटर मजल. कृत्रिम पाय पुढें येण्यास वेळ लागे, म्हणून धडक्या पायानें दोनदां उडी घ्यावी लागे. उरलेल्या मांडीची कातडी सोलवटून रक्त येई.

येथें एक गोष्ट झांकण्यांत अर्थ नाहीं. टेरी तापट होता. गाडी हांकणाऱ्या डगशीं त्याचें इतकें बिनसलें कीं, नोव्हा स्कोशिया येईतों दोघांचें बोलणें बंद झालें. अखेर आईवडिलांना धांवून यावें लागलें व धाकटा भाऊ डॅरेल सोबतीस आला. थोरांच्या चरित्रांतून असे रागलोभ गाळण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांस ती पटत नाहीं. ज्याची मांडी रोज सोलवटते त्याला राग येऊंच नये काय?

पैसा सर्वत्र सारखा मिळाला नाहीं. सुमारें १०,००० वस्तीच्या पोर्ट ओ बास्क या गांवानें १०,००० डॉलर दिले. क्वेबेक प्रांतांत मात्र भाषेच्या अडचणीमुळें त्याची दखल फारशी कोणी घेतली नाहीं. कर्करोगानें पुत्र गमावलेले हॉटेलमालक इसाडोर शार्प यांनीं त्याची बाजू उचलून धरली, आणि टोरोंटोंत १०,००० लोक त्याच्या स्वागतास जमले. आतां त्यानें देशांतील दर माणशीं एक डॉलर, म्हणजे सुमारें २ कोटी ४० लक्ष, एवढी रक्कम मनांत धरली. स्वतःच्या नांवावर कोणा व्यापाऱ्यानें नफा कमावूं नये, याविषयीं तो फार कडक असे.

ता. १ सप्टेंबर १९८० रोजीं थंडर बे शहराजवळ खोकला व छातींतील कळ यांनीं त्याला थांबविलें. कर्करोग फुप्फुसांत पोहोंचला होता. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धांवला होता. पॅसिफिक महासागर अद्याप दूर होता, आणि ती बाटली त्याच्या हातून तेथें रिती व्हावयाची राहिली. निधि मात्र थांबला नाहीं; १९८१ च्या फेब्रुवारींत त्यानें माणशीं एक डॉलरचा आंकडा ओलांडला. ता. २८ जून १९८१ रोजीं, तेविसावें वर्ष पुरें होण्यास एक महिना उरला असतां, टेरी वारला.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत त्याच्या नांवानें पहिली दौड निघाली व तींत सुमारें ३ लक्ष लोक सामील झाले. तेव्हांपासून या दौडींनीं जगभर ८० कोटी डॉलरांहून अधिक निधि जमविला आहे. इतर रोगांसाठींहि, आणि अलीकडे तरुणांच्या मनोविकारांच्या संशोधनासाठींहि, लोक याच रीतीनें धांवून पैसा मिळवितात. टेरीच्या दौडींत स्पर्धा नसते. धांवावें, चालावें, चाकांच्या खुर्चींतून जावें. पहिला कोण आला आणि शेवटचा कोण, हें तेथें कोणी विचारीत नाहीं.