पायाखालच्या जमिनीचा अभियंता

धरणाची भिंत किती जाड हवी, हे स्थापत्य अभियंता सांगतो. तिच्याखालचा खडक कसा घडला, हे भूवैज्ञानिक सांगतो. पण तो खडक ती भिंत पेलेल का, याचे उत्तर कोणी द्यायचे? कार्ल टेर्झागी यांचे सारे आयुष्य या प्रश्नामागे गेले.

त्यांचा जन्म १८८३ साली प्राग येथे झाला. वडील सैन्यात अधिकारी. ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे १९०४ मध्ये त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. मन मात्र भूगर्भशास्त्रात रमलेले. लष्करी सेवेच्या काळात त्यांनी या विषयावरील एका इंग्रजी पुस्तकाचा जर्मन अनुवादही केला. पुढे बांधकामांवर असताना त्यांच्या ध्यानात आले की, जमिनीबाबतचा बराचसा कारभार अंदाजानेच चालतो. १९१२ मध्ये ते अमेरिकेला गेले, धरणांच्या जागा पाहिल्या, टिपणे जमवली आणि निराश होऊन परतले. खडकांची नुसती नावे आकडेमोडीच्या उपयोगी पडत नव्हती.

वाट सापडली ती इस्तंबूलमध्ये. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१६ साली, ते तिथे शिकवायला गेले. हाताशी साधने नव्हती, म्हणून सिगारच्या खोक्यांपासून उपकरणे बनवून त्यांनी मातीची मोजमापे सुरू केली. ओल्या चिकणमातीवर भार आला की आधी तो कणांमधले पाणी झेलते. हे पाणी हळूहळू झिरपून जाते, भार कणांवर येतो आणि जमीन दबते. इमारती वर्षानुवर्षे का खचत राहतात, याचा हिशेब आता मांडता येऊ लागला. १९२५ साली त्यांचा ग्रंथ निघाला आणि मृदा यांत्रिकी हे शास्त्र उभे राहिले. पुढे एमआयटी, व्हिएन्ना आणि हार्वर्ड येथे त्यांनी अध्यापन केले. पत्नी रूथ स्वतः भूवैज्ञानिक होत्या. १९६३ मध्ये टेर्झागी यांचे निधन झाले. कॅनडातील मिशन धरणाला १९६५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

पालकांना मला एवढेच सांगावेसे वाटते, की मुलाला किंवा मुलीला गणितही आवडत असेल आणि डोंगरही, तर त्यातले एक सोडायला लावू नका. स्थापत्य शाखेची पदवी घेऊन पुढे भूतंत्र अभियांत्रिकी शिकता येते. भूविज्ञानात एम.एस्सी. करून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेमार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जाता येते. बोगदे, धरणे, मेट्रो, घाटातल्या दरडी, सगळीकडे या जाणकारांची गरज असते. काम उन्हातान्हातले, पुष्कळदा घरापासून दूर. पण इथे अंदाज चुकला तर माणसे दगावतात. म्हणूनच टेर्झागी अखेरपर्यंत कागदावरच्या आकड्यांइतकेच जागेवर जाऊन पाहण्याला महत्त्व देत राहिले.