थॉमस बेझ: तुमच्या इनबॉक्सच्या दारावरचा पाद्री

परीक्षेचा फॉर्म, इंटर्नशिपचं पत्र, स्कॉलरशिपचा निकाल... हल्ली सगळं मेलवर येतं. त्याच दारातून लॉटरी लागल्याची खुशखबर, घरबसल्या कमाईचं आमिष आणि बँकेच्या नावाने धमकीही येते. यातलं बरंचसं तुमच्या नजरेला पडतच नाही, कारण ते आधीच स्पॅमच्या फोल्डरमध्ये गेलेलं असतं. ही निवड करायला ज्या गणिताने यंत्राला शिकवलं, ते एका पाद्र्याचं आहे. आणि तो जाऊन अडीचशेहून जास्त वर्षं झाली!

त्याचं नाव थॉमस बेझ. जन्म १७०१च्या सुमाराचा, इंग्लंडमधला. वडील जोशुआ हेही धर्मोपदेशक, पण घराणं तिथल्या राजमान्य चर्चबाहेरचं. अशांना ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी मिळत नसे. मग थॉमसने १७१९ मध्ये स्कॉटलंडमधलं एडिंबरा गाठलं आणि तर्कशास्त्र व धर्मशास्त्र शिकला. पुढे टनब्रिज वेल्स या गावच्या प्रार्थनामंदिरात तो धर्मगुरू झाला. काळ लक्षात यावा म्हणून सांगतो, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने आपला वसईचा किल्ला जिंकला, तेव्हा हा गृहस्थ तिकडे प्रवचनं देत होता आणि उरलेल्या वेळात गणितं सोडवत होता.

प्रसिद्धीचा सोस त्याला नव्हता. हयातीत दोनच पुस्तकं आली. एक देवाच्या दयाळूपणावर, दुसरं न्यूटनच्या कॅलक्युलसची बाजू मांडणारं. दुसऱ्यावर तर त्याने स्वतःचं नावही घातलं नाही. तरी १७४२ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतलं.

त्याला पडलेला प्रश्न मात्र भन्नाट होता. फासा माहीत असेल, तर सहा पडायची शक्यता काढता येते. पण उलटं करायचं असेल तर? समोर फक्त निकाल आहेत, त्यांवरून कारण कसं ओळखायचं?

बेझने यासाठी एक टेबल आणि चेंडू कल्पिले. आपण कॅरमबोर्ड घेऊ. तुम्ही बोर्डाकडे पाठ करून बसलात. मित्राने एक सोंगटी कुठेतरी टाकली. मग तो एकेक नवी सोंगटी टाकतो आणि एवढंच सांगतो, की ती पहिलीच्या डावीकडे पडली की उजवीकडे. सुरुवातीला तुम्हाला काहीच माहीत नसतं. पण बहुतेक सोंगट्या उजवीकडे पडायला लागल्या, तर पहिली डाव्या कडेला असणार हे कळू लागतं. प्रत्येक नव्या खबरीसरशी आधीचा अंदाज थोडा सरकवायचा. नेमका किती सरकवायचा, हे बेझने गणितात मांडलं.

आणि मांडून कागद तसेच ठेवले! १७६१ मध्ये, पानिपताच्या वर्षीच, तो वारला. त्याचा मित्र रिचर्ड प्राइस याने ती कागदपत्रं चाळली, त्यातला हा निबंध ओळखला, नीटनेटका केला आणि रॉयल सोसायटीकडे पाठवला. १७६३ मध्ये तो तिथे वाचला गेला. पुढे फ्रान्समध्ये लाप्लासने स्वतंत्रपणे हीच वाट शोधून ती मोठी केली.

यावर वादही खूप झाले. अंदाजापासून सुरुवात करायची, याला काय शास्त्र म्हणायचं, असा आक्षेप होता. विसाव्या शतकात रोनाल्ड फिशर विरोधात उभे राहिले, तर केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज बेझच्या बाजूने. या जेफ्रीज यांच्या हाताखाली कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार शिकले आणि त्यांनीच पुढे पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभारला.

आता मेलकडे येऊ. १९७८ मध्ये एका कॉम्प्युटर कंपनीची जाहिरात एकदम सुमारे ४०० जणांना गेली. तो पहिला स्पॅम मानतात. पुढे त्याचा पूर आला. अमुक शब्द दिसला की अडवा, असे नियम हाताने लिहून भागेना. १९९८च्या सुमारास संशोधकांनी बेझचं गणित त्यावर लावलं आणि २००२ मध्ये प्रोग्रॅमर पॉल ग्रॅहम यांच्या लेखाने ते सगळीकडे पोचलं.

हिशेब सोपा आहे. समजा, तुमच्या १०० मेलपैकी ४० स्पॅम. लॉटरी हा शब्द २० स्पॅममध्ये आणि एकाच चांगल्या मेलमध्ये आहे. मग लॉटरीवाला नवा मेल स्पॅम असण्याची शक्यता २१ पैकी २०, म्हणजे जवळपास ९५ टक्के. पण ऑफर हा शब्द २० स्पॅममध्ये आणि १२ चांगल्या मेलमध्ये असेल, तर ३२ पैकी २०, म्हणजे साधारण ६२ टक्के. निव्वळ त्यावर फैसला कसा करणार? म्हणून फिल्टर अनेक शब्दांची साक्ष एकत्र घेतो. आजच्या मेलसेवा पाठवणारा कोण, लिंक कुठली, हेही पाहतात.

खरी मेख आहे ती अडवायची रेघ कुठे ओढायची यात. ९० टक्क्यांना ओढली तर थोडा कचरा आत येईल. ६० ला ओढली तर कचरा थांबेल, पण तुमचं ऑफर लेटरही त्यासोबत जाईल. एक फालतू जाहिरात हाताने डिलीट करायला दोन सेकंद लागतात. हुकलेला इंटरव्ह्यू परत येत नाही. म्हणून रेघ वरच बरी.

बाकीचं काम तुमचं. नको असलेला मेल नुसता डिलीट करू नका, स्पॅम म्हणून नोंदवा. चुकून अडकलेला मेल स्पॅम नाही असं सांगून बाहेर काढा. कॉलेजचा आणि कंपनीचा पत्ता कॉन्टॅक्टमध्ये ठेवा. यातून फिल्टरला खबर मिळते आणि त्याचा अंदाज सरकतो. आणि इनबॉक्समध्ये आला म्हणजे मेल खरा, असंही समजू नका. नोकरीसाठी आधी पैसे मागणारा मेल फिल्टरने सोडला, तरी तुम्ही अडवा.

जीमेल स्पॅममधला माल ३० दिवसांनी पुसून टाकतं. तेव्हा आठवड्यातून एकदा त्या फोल्डरमध्ये डोकावा. प्राइसने मित्राचे कागद चाळले नसते, तर बेझचं गणितही त्यांच्यासोबतच गेलं असतं.