कीर्ती कॉलेजचा पदवीधर ते वडाळ्याचा एन्काऊंटर : मन्या सुर्वेची खरी गोष्ट

११ जानेवारी १९८२. दुपारची वेळ. वडाळ्यात आंबेडकर कॉलेजजवळ एक टॅक्सी येऊन थांबते. त्यातून उतरलेला माणूस मैत्रिणीला भेटायला आलेला असतो. आजूबाजूला साध्या कपड्यात पोलीस उभे आहेत, हे त्याच्या उशिरा लक्षात येतं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्याने कमरेचं पिस्तूल काढलं आणि समोरून इसाक बागवान व राजा तांबट या अधिकाऱ्यांनी गोळ्या झाडल्या. सायनच्या हॉस्पिटलकडे नेताना वाटेतच त्याचा जीव गेला.

तो माणूस म्हणजे मनोहर अर्जुन सुर्वे उर्फ मन्या सुर्वे. वय अवघं ३७.

२०१३ साली आलेल्या ‘शूटआऊट ॲट वडाला’ या सिनेमात जॉन अब्राहमने त्याचा रोल केला आणि नव्या पिढीला मन्या माहीत झाला. पण सिनेमातला मन्या वेगळा आणि खरा मन्या वेगळा.

त्याचा जन्म १९४४ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. लहानपणीच तो आईसोबत मुंबईत आला. त्या काळात कोकणातली हजारो कुटुंबं गिरणीच्या भोंग्यामागे मुंबईत येत होती आणि दादर-परळच्या चाळींत राहत होती. मन्या त्याच वातावरणात वाढला. पण तो शिकला. दादरच्या कीर्ती कॉलेजमधून त्याने पदवी घेतली. गुन्हेगारीच्या जगात तेव्हा डिग्रीवाला पोरगा सापडणं अवघडच होतं.

मग माशी शिंकली कुठे?

तर घरात. त्याचा सावत्र भाऊ भार्गव हा दादरच्या आगर बाजारातला दादा होता. मन्या भावाच्या आणि मित्रांच्या संगतीने मारामाऱ्यांत ओढला गेला. १९६९ साली दांडेकर नावाच्या माणसाचा खून झाला. त्यात मन्या, भार्गव आणि त्यांचा एक साथीदार पकडले गेले. कोर्टाने जन्मठेप सुनावली. पंचविशीतल्या पोराची रवानगी येरवड्याला झाली.

सुधारण्याऐवजी तो तुरुंगात आणखी तयार झाला. येरवड्यात त्याचे दुसऱ्या टोळीच्या कैद्यांशी सतत खटके उडायचे. शेवटी वैतागलेल्या प्रशासनाने त्याला रत्नागिरीच्या तुरुंगात हलवलं. तिथे त्याने उपोषण सुरू केलं. तब्येत ढासळली म्हणून त्याला दवाखान्यात भरती करावं लागलं. १४ नोव्हेंबर १९७९ ला पहाऱ्यावरच्या पोलिसांना चकवून तो तिथून पळाला आणि थेट मुंबई गाठली.

बाहेर पडताच त्याने स्वतःची टोळी बांधली. धारावीचा शेख मुनीर, डोंबिवलीचा विष्णू पाटील, उदय शेट्टी असे साथीदार जमवले. गाडी चोरायची, दुकान किंवा बँक लुटायची आणि गायब व्हायचं, हा त्यांचा खाक्या. सायनच्या कॅनरा बँकेवरचा दरोडा त्यातलाच.

आता दुसऱ्या बाजूला काय चाललं होतं तेही बघायला पाहिजे.

दक्षिण मुंबईत पठाण टोळी आणि डोंगरीतल्या एका हवालदाराची पोरं, म्हणजे साबीर आणि दाऊद इब्राहिम, यांच्यात वैर पेटलेलं होतं. पठाणांकडून अमीरजादा आणि आलमजेब पुढे होते. त्यांना दाऊदला नडेल असा माणूस हवा होता. त्यांनी मन्याला सोबत घेतलं.

१२ फेब्रुवारी १९८१ च्या रात्री प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर साबीरची गाडी अडवली गेली आणि त्याच्यावर गोळ्यांचा पाऊस पडला. साबीर जागीच संपला. हल्लेखोर तिथून दाऊदला मारायला पाकमोडिया स्ट्रीटवर गेले, पण तो बेत फसला.

मन्याने या भांडणात उडी घेतली होती, पण भांडण त्याचं नव्हतं. तरी पुढचं सगळं त्याच्यावर शेकलं. पोलीस मागे होतेच, आता दाऊदही लागला. वर्षभरात एकेक साथीदार पकडला गेला आणि मन्या एकटा पडत गेला. वडाळ्याची टीप दाऊदकडूनच पोलिसांना गेली, असं आजही सांगितलं जातं.

मन्या गेला, पण सुडाचा हिशोब थांबला नाही.

सप्टेंबर १९८३ मध्ये अमीरजादाला कोर्टात आणलं होतं. भर कोर्टात डेव्हिड परदेशी नावाच्या तरुणाने त्याला गोळ्या घातल्या. त्याला सुपारी देणारा बडा राजन. गंमत म्हणजे त्या दिवशी कोर्टात हजर असलेल्या इसाक बागवान यांनीच परदेशीला जखमी करून पकडलं. थोड्याच दिवसांत बडा राजनचाही कोर्टाबाहेर खून झाला. तो अब्दुल कुंजूने घडवून आणला. मग बडा राजनचा बदला घ्यायला चेंबूरमध्ये सिनेमाची तिकिटं ब्लॅक करणारा एक पोरगा पुढे आला आणि त्याने कुंजूचा काटा काढला. तो पोरगा म्हणजे छोटा राजन. पुढे १९८४ मध्ये पठाण टोळीचा समद खान मारला गेला. प्रत्येक खुनाला आधीच्या खुनाचं कारण होतं आणि मरणारे-मारणारे बहुतेक विशी-तिशीतले होते.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. मन्याच्या मृत्यूनंतर बरोबर एका आठवड्याने, १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यातल्या हजारोंना पुन्हा काम मिळालंच नाही. गिरणगावात रिकाम्या हातांची पोरं वाढली. टोळ्यांना माणसं शोधत फिरावं लागलं नाही.

वडाळ्याच्या घटनेला मुंबई पोलिसांचा पहिला एन्काऊंटर म्हटलं जातं. पुढच्या दोन-अडीच दशकांत असे शेकडो एन्काऊंटर झाले आणि त्यातल्या अनेकांवर बनावट असल्याचे आरोपही झाले. अखेर २३ सप्टेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १६ सूचना दिल्या. पोलिसांच्या गोळीबारात कुणाचा मृत्यू झाला तर एफआयआर, स्वतंत्र तपास आणि दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी झालीच पाहिजे, असं त्यात ठरलं.

मन्याला शिक्षा झाली ती फक्त १९६९ च्या खुनाची. साबीरच्या खुनाचा खटला त्याच्यावर कधी उभाच राहिला नाही. पोस्टरवर त्याचं आयुष्य कितीही रुबाबदार दिसलं तरी खरा हिशोब साधा आहे. हातात डिग्री होती, त्यानंतरची दहा वर्षं तुरुंगात गेली आणि पळून गेल्यानंतरची दोन वर्षं लपण्यात.