खाशाबा जाधव

मुलांनो, आपल्याकडे जत्रेत कुस्त्या होतात. खाशाबा जाधव असेच मातीत घडलेले पैलवान. त्यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कऱ्हाडजवळील गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब हे त्यांचे पहिले गुरू. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकपूर्वी त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. दुसऱ्या पदकाची संधी हुकली. तरी कुस्तीशी त्यांचे नाते तुटले नाही. पोलीस खात्यात त्यांनी इतरांना खेळाचे शिक्षण दिले. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले. शरीर दुखावले, तरी माणसाने मनाने हरू नये.