गावोगाव शाळा नेणारा राजा : महाराज सयाजीराव गायकवाड



आपण रोज दप्तर पाठीला लावून शाळेत येतो. फी नाही, पुस्तके मोफत, दुपारी खिचडी मिळते. गावात शाळा आहे म्हणजे काय विशेष, असे आपल्याला वाटते. पण आपल्या खापरपणजोबांच्या वेळी बहुतेक खेड्यांत शाळाच नव्हती. जिथं होती तिथं थोड्याच घरची मुले जात. मुलींचे तर नावच नको. अशा काळात एका राजाने ठरवले, की माझ्या राज्यातले प्रत्येक मूल शाळेत गेलेच पाहिजे. मग ते मूल पाटलाचे असो, नाहीतर मजुराचे असो. तो राजा म्हणजे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड. आज आपण त्यांची माहिती वाचू.

जन्म आणि बालपण

सयाजीराव बडोद्याचे राजे झाले, पण त्यांचा जन्म राजवाड्यात झालेला नाही. ते आपल्या महाराष्ट्रातलेच. नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचे खेडे आहे. तिथं ११ मार्च १८६३ रोजी एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव काशीराव, आईचे नाव उमाबाई. मुलाचे नाव ठेवले गोपाळ. हे घराणे बडोद्याच्या गायकवाडांच्या भाऊबंदांपैकी होते, पण नाते लांबचे. राज्य तिकडे, नांगर इकडे, अशी स्थिती. गोपाळ शेतात आणि गावात इतर मुलांसारखाच वाढला. लिहिणे-वाचणे त्याच्या वाट्याला आलेच नाही.

१८७५ साली मोठी घडामोड झाली. बडोद्याचे राजे मल्हारराव गायकवाड यांना इंग्रज सरकारने गादीवरून काढले. त्यांच्या आधीचे राजे खंडेराव यांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांना मुलगा दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. शोध घेता घेता माणसे कवळाण्याला पोचली. तिथली मुले बडोद्याला नेण्यात आली. असे सांगतात, की तुम्ही इथं कशाला आलात, असे मुलांना विचारले. कोणी काही सांगितले, कोणी काही. गोपाळने मात्र न घाबरता सांगितले, की मी राज्य करायला आलो आहे. महाराणींना हा धीट मुलगा आवडला. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळचे सयाजीराव झाले. तेव्हा त्यांचे वय होते बारा वर्षे.

बाराव्या वर्षी अ आ इ ई

आता बघा, डोक्यावर राजमुकुट आला, पण अक्षराशी ओळख नाही. आपल्याकडे सहावी-सातवीतला मुलगा असतो त्या वयात महाराजांनी पाटीवर पहिले अक्षर गिरवले. त्यांच्यासाठी बडोद्यात खास शाळा सुरू झाली. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक आले. इतरही शिक्षक होते. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदम शिकायच्या. वर गणित, इतिहास, भूगोल. शिवाय घोड्यावर बसणे आणि कुस्ती. उशिरा सुरुवात केल्यावर अभ्यास किती जड जातो, हे त्यांनी स्वतः सोसले. पण त्यांनी पाटी खाली ठेवली नाही. सहा वर्षे ते नेटाने शिकले. २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, राज्याचा सगळा कारभार त्यांच्या हाती आला.

कधी कधी आपल्या शाळांतही मोठ्या वयाचे मूल नव्याने दाखल होते. लहान मुलांत बसायला त्याला लाज वाटते. काही जण त्याला हसतात. त्या मुलाला आणि हसणाऱ्यांनाही महाराजांची ही गोष्ट सांगावी.

राज्य कसे होते?

बडोद्याचे राज्य एकसलग नव्हते. आजच्या गुजरातमध्ये त्याचे तुकडे विखुरलेले होते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे त्याचे चार प्रांत होते. महाराजांनी प्रांताप्रांतांत दौरे काढले आणि लोकांची स्थिती पाहिली. शेतकऱ्याला वाचता येत नसेल, तर सावकाराने कागदावर काय लिहिले हे त्याला कळत नाही. तो अंगठा उठवून मोकळा होतो आणि कर्जात अडकतो. राज्य सुधारायचे असेल तर सुरुवात शाळेपासून केली पाहिजे, हे त्यांना पटले. १८८७ पासून ते अनेकदा परदेशांत जाऊन आले. इंग्लंडमध्ये १८८० पासून मुलांना शाळेत पाठवणे सक्तीचे झाले होते. तिकडच्या शाळाही त्यांनी पाहिल्या. जे तिथं झाले ते आपल्याकडे का होऊ नये, असे त्यांच्या मनाने घेतले.

अमरेलीचा प्रयोग

पण महाराजांनी उतावळेपणा केला नाही. एकदम सगळ्या राज्याला हुकूम सोडला असता, तर तो कागदावरच राहिला असता. त्यांनी आधी लहान जागा निवडली. काठेवाडातील अमरेली तालुक्यात दहा गावांपुरता १८९३ साली प्रयोग सुरू केला. ७ ते १२ वर्षांच्या मुलांनी आणि ७ ते १० वर्षांच्या मुलींनी शाळेत यायचेच. फी एक पैसाही नाही. जो बाप पोराला पाठवणार नाही त्याला दंड!

लोकांना हे सहज रुचले असेल का? मुळीच नाही. घरचे मूल म्हणजे घरचा हात. गुरं कोणी राखायची? सुगीत शेतावर कोण येणार? धाकट्याला कोण सांभाळणार? मुलगी शिकून काय करणार, तिला चूलच फुंकायची आहे! असे प्रश्न तेव्हा घरोघर होते. पालकहो, खरे सांगायचे तर यातले काही प्रश्न आजही आपल्या कानावर पडतात.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. सक्ती म्हटले की आपल्याला फक्त आईबापांना झालेला दंड दिसतो. पण त्या सक्तीने आधी राजालाच बांधून घेतले. पोराला शाळेत पाठव म्हणायचे, तर गावात शाळा हवी. शाळा म्हणजे इमारत आली, गुरुजी आले, फळा आला, आणि दर महिन्याचा पगार आला. तो खर्च राज्याने करायचा. शाळा फार लांब असेल किंवा मूल आजारी असेल, तर सूट होती. म्हणजे राज्याने आधी आपले काम करायचे आणि मगच बापाला जाब विचारायचा. दहा गावांनंतर प्रयोग हळूहळू वाढवला. चुका कळल्या, त्या सुधारल्या. तेरा वर्षे असा अनुभव घेऊन १९०६ साली महाराजांनी संपूर्ण बडोदे राज्यात मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. इंग्रजांच्या ताब्यातल्या हिंदुस्थानात तेव्हा असा कायदा कुठेही नव्हता.

सर्वांसाठी शाळा

त्या काळी अस्पृश्य म्हणून ज्यांना दूर ठेवत, त्या मुलांना शाळेची पायरीसुद्धा चढू देत नसत. महाराजांनी १८८० नंतरच्या दशकातच त्यांच्यासाठी शाळा उघडल्या. पण शिकवायला गुरुजी मिळेनात. विटाळ होईल म्हणून सवर्ण हिंदू शिक्षक यायला तयार नसत. मग मुसलमान शिक्षक नेमले. पुढे आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांनी हे काम हाती घेतले. डोंगरातल्या आदिवासी मुलांसाठी सोनगड येथे वसतिगृह काढले. तिथं मुलांच्या राहण्याजेवणाची सोय झाली.

मुलींच्या शिक्षणात महाराणी चिमणाबाई यांनीही पुढाकार घेतला. राणी असून त्यांनी पडदा सोडला. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरली. तिच्या पहिल्या अध्यक्षा चिमणाबाईच होत्या.

१९१३ साली महाराजांनी एका हुशार तरुणाला अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. ते तरुण म्हणजे आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शिकून आल्यावर १९१७ साली बाबासाहेब बडोद्यात नोकरीला गेले. तेव्हा मात्र त्यांना राहायला कोणी जागा देईना. कचेरीतले लोकही अंतर ठेवून वागत. शेवटी त्यांना बडोदे सोडावे लागले. ही गोष्ट वाचून वाईट वाटते. महाराजांच्या स्वतःच्या राजधानीत हे घडले. राजा कायदा करू शकतो, शाळा बांधू शकतो, पण माणसांची मने हुकमाने बदलत नाहीत. ते काम आपले सर्वांचे असते.

शाळा सुटल्यावर काय?

सक्तीचे शिक्षण सुरू झाले, तरी एक नवी अडचण दिसली. मुले चार-पाच वर्षे शिकत. मग शेतात, कामात लागत. घरात ना पुस्तक ना वर्तमानपत्र. काही वर्षांत शिकलेले विसरून जात आणि पुन्हा अंगठा उठवत. विहीर खणली, पण पाणी उपसलेच नाही तर ती बुजते, तसे झाले.

यावर महाराजांनी उपाय काढला तो वाचनालयांचा. १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले. बडोद्यात मोठे मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले. त्याला महाराजांनी स्वतःचा ग्रंथसंग्रह दिला. खेड्यांसाठी फिरती वाचनालये काढली. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या गावोगाव पाठवत. एका गावाचे वाचून झाले की पेटी परत जाई. गावाला स्वतःचे वाचनालय हवे असेल, तर गावाने वर्गणी जमवायची. जेवढी गावाची वर्गणी, तेवढीच भर प्रांताची पंचायत घाली आणि तेवढीच सरकार घाली. फुकट काही नाही, पण एकटे कोणी नाही. ही रीत आपल्यालाही घेण्यासारखी आहे.

हे विचार पुढे कसे गेले?

बडोद्याचा दाखला देशभर गेला. १९११ साली नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. बडोद्यात होते तर देशात का नाही, असा त्यांचा मुद्दा होता. १९१२ साली ते विधेयक नामंजूर झाले. पण विषय थांबला नाही. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. स्वतंत्र भारताच्या संसदेने २००९ साली शिक्षण हक्क कायदा केला. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यामुळे ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला शिक्षणाचा हक्क मिळाला. अमरेलीच्या दहा गावांपासून इथपर्यंत यायला शंभराहून जास्त वर्षे लागली.

सयाजीरावांनी जवळजवळ ६४ वर्षे राज्य केले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच वर्षी, १९४० साली, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात महाराजांच्या नावाने हायस्कूल काढले. १९४९ साली बडोद्यात त्यांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले.

आपण काय घ्यावे?

पालकहो, आपले गुरुजी आणि बाई गावात घरोघर फिरून शाळेत न येणाऱ्या मुलांची नावे लिहून घेतात. तेव्हा कोणाला ती कटकट वाटते. पण एकही मूल सुटू नये, हाच महाराजांचा ध्यास होता. आज मूल शाळेत आले नाही म्हणून शिक्षण हक्क कायद्याने आईबापांना दंड होत नाही. म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाताना पोराला सोबत न्यायचे की मागे ठेवून शिकवायचे, धाकट्याला सांभाळायला थोरल्या मुलीला घरी ठेवायचे की नाही, हे आता घरातच ठरते. प्रश्न खरे आहेत, गरिबीही खरी आहे. म्हणून मार्ग काढायला गुरुजींशी बोला. जिल्ह्यात हंगामी वसतिगृह असेल तर त्याची चौकशी करा. पण पोराचे नाव नुसते हजेरीपटावर राहू देऊ नका. पोरगं वर्गात बसलेलं असू द्या.

आणि मित्रांनो, आपणही एक करू. जो सोबती चार दिवस आला नाही, त्याच्या घरी जाऊन विचारपूस करू. राजाला सगळ्या गावांत कायदा पोचवायला तेरा वर्षे लागली. आपल्याला सोबत्याच्या घरी पोचायला पाच मिनिटे लागतात.

वाचा आणि उत्तरे सांगा

१. महाराजांचे मूळ नाव काय? जन्मगाव कोणते?
२. सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग कुठे आणि किती गावांत सुरू झाला?
३. सगळ्या राज्यात कायदा कोणत्या साली लागू झाला?
४. फिरत्या वाचनालयांची गरज का पडली?
५. तुमच्या आळीत शाळेत न येणारे मूल आहे का? असल्यास गुरुजींना किंवा बाईंना सांगा.