कानसेन लेव्ह टर्मेन

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी एक तालयंत्र जुळवायला घेतले. लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन साठविलेल्या पैशांतून त्याचा संच मागविला होता. पुडक्यातून निघाली तळहाताएवढी एक हिरवी पट्टी, चिमूटभर रेझिस्टर, थोडे कपॅसिटर, चार ट्रान्झिस्टर आणि दोन आयसी. एक ५५५ क्रमांकाची, दुसरी ४०१७ क्रमांकाची. पहिली ठराविक वेळाने विजेची टिचकी देते. दुसरी त्या टिचक्या मोजते आणि आपल्या दहा पायांवर पाळीपाळीने वीज सोडते. ज्या पायाला ढोलाचा आवाज जोडावा तिथे ढोल वाजतो, ज्याला झांजेचा जोडावा तिथे झांज. एवढेच त्याचे तत्त्व!

पण ही वस्तू आमच्या घरात आणणे सोपे नव्हते. माझे वडील, आप्पा, ढोलकी वाजवितात. भजन असो, वगनाट्य असो, गणपती असोत, पंचक्रोशीत त्यांना बोलावणे येई. माझ्या शाळेची फी त्या ढोलकीनेच भरली. अलीकडे ऑक्टोपॅडवाला एकटा येतो आणि चौघांचे काम करून जातो. आप्पांची बोलावणी निम्म्यावर आली. त्यांनी कधी कुणाला दोष दिला नाही. पण मी कथिलाची तार वितळवीत बसलो की ते उठून ओट्यावर जात. कला शाखेच्या पोराला तारा जोडण्याचा उद्योग कशाला, असे शेजारी विचारीत. आप्पा काहीच विचारीत नसत, आणि तेच मला अधिक लागे.

अशा मनःस्थितीत एक प्रश्न मला छळू लागला. जगातले पहिले विजेचे तालयंत्र कोणी केले असेल आणि कशासाठी? वाजविणाऱ्याच्या पोटावर पाय द्यावा म्हणून? त्या शोधात ज्या माणसाची गाठ पडली, त्याची जीवनकथा मित्रांपुढे ठेवावी म्हणून हा लेखनप्रपंच.

लेव्ह सर्गेयेविच टर्मेन याचा जन्म ऑगस्ट १८९६ मध्ये रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. युरोप-अमेरिकेत तो लिऑन थेरमीन या नावाने ओळखला गेला. लहानपणापासून त्याला दोन नाद होते, विजेचा आणि चेलो या वाद्याचा. चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचे, व्हायोलिनचे मोठे भावंड. संगीतशाळेत तो चेलो शिकला आणि विद्यापीठात पदार्थविज्ञान व खगोलशास्त्र. आपल्याकडे दहावीनंतर कला की विज्ञान असा जो दरवाजा बंद होतो, तो त्याच्यापुरता उघडाच राहिला.

पहिले महायुद्ध आले आणि त्याला सैन्यात रेडिओचे काम मिळाले. क्रांतीनंतर १९२० च्या सुमारास तो पेट्रोग्राडमधील संशोधन संस्थेत अब्राम इयॉफे या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली लागला. काम होते वायूंचे विद्युत्गुण मोजण्याचे. त्यासाठी त्याने जे उपकरण बांधले त्यातून एक सूर निघे, आणि गंमत अशी, की त्याने हात जवळ नेला की सूर चढे व हात मागे घेतला की उतरे. माणसाच्या शरीरातही वीज साठविण्याचा गुण असतो. हाताच्या हालचालीने उपकरणातील विद्युत्स्थिती बदलत होती. दुसऱ्या एखाद्याने हा मापनातील दोष म्हणून काढून टाकला असता. टर्मेनचा कान चेलोवाल्याचा होता. त्याला त्या दोषात गाणे ऐकू आले.

त्यातून थेरमीन हे वाद्य जन्मले. एका पेटीवर एक उभी दांडी आणि बाजूला एक आडवी कडी. आत दोन विद्युत्मंडले कानाला ऐकू न येणाऱ्या वेगाने स्पंदत असतात. त्यांच्या वेगांत जो फरक पडतो, तेवढाच आपल्याला सूर म्हणून ऐकू येतो. उजवा हात दांडीजवळ नेऊन सूर ठरवायचा, डाव्या हाताने कडीजवळ आवाज लहानमोठा करायचा. वाद्याला स्पर्श कुठेच नाही! पण म्हणून ते सोपे मात्र नाही. पडदे नाहीत, तार नाही, पट्ट्या नाहीत, बोट टेकायला जागा नाही. वादकाला सर्वस्वी कानावर भिस्त ठेवावी लागते. विजेच्या या पहिल्या गाजलेल्या वाद्याने माणसाच्या हाताला सुट्टी दिली नाही. उलट त्याची कसोटीच पाहिली.

१९२२ मध्ये टर्मेनने हे वाद्य क्रेमलिनमध्ये लेनिनला दाखविले. लेनिनने स्वतःही ते वाजवून पाहिले. पुढे टर्मेनने दूरचित्रवाणीचेही यशस्वी प्रयोग केले. १९२७ मध्ये तो युरोपच्या दौऱ्यावर निघाला. जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड, जिथे गेला तिथे गर्दी लोटली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो न्यूयॉर्कला उतरला आणि पुढची जवळजवळ अकरा वर्षे तिथेच राहिला. आर.सी.ए. या बड्या कंपनीने त्याच्या वाद्याचे हक्क घेऊन १९२९ मध्ये ते बाजारात आणले. पण त्याच ऑक्टोबरात शेअरबाजार कोसळला. शिवाय हात हलविला की कुणालाही वाजविता येईल, ही जाहिरात लोकांच्या अनुभवाला उतरली नाही. सुमारे पाचशे वाद्ये तयार झाली आणि उत्पादन थांबले.

आता तालयंत्राची हकिकत. हेन्री कॉवेल नावाचा एक अमेरिकन संगीतकार होता. सूर आणि ताल यांचे मूळ एकच, असा त्याचा विचार होता. सूर म्हणजे अतिजलद पडणारे ठोके. मग ज्या प्रमाणात सूर एकमेकांशी जुळतात, त्याच प्रमाणात ठोके का जुळवू नयेत? एकाच आवर्तनात एकाने दोन, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने पाच, चौथ्याने सात ठोके बरोबर वाटून द्यायचे. आपल्याकडे दुगुन, तिगुन, चौगुन, आडलय हे शब्द भजनी मंडळातल्या पोरालाही ठाऊक असतात, म्हणून त्याचा विचार आपल्याला परका वाटणार नाही. योगायोग असा, की हाच कॉवेल पुढे बर्लिनमध्ये मद्रासच्या प्रा. पी. सांबमूर्तींकडे कर्नाटक संगीत शिकला आणि उतारवयात त्याने 'मद्रास' या नावाची सिंफनीही लिहिली.

परंतु असे पाच-सात ताल एकदम, अचूक वाजविणारे वादक आणायचे कुठून? कॉवेल टर्मेनकडे गेला. टर्मेनने १९३१ च्या सुमारास 'ऱ्हिदमिकॉन' हे यंत्र बांधून दिले. त्यात छिद्रे पाडलेल्या चकत्या फिरत. छिद्रांतून प्रकाशाचा झोत विद्युत्नेत्रावर पडे आणि जितक्या वेळा प्रकाश पडे तितके ठोके उमटत. एकूण सतरा पट्ट्या. पहिली दाबली की आवर्तनात एक ठोका, दुसरीला दोन, तिसरीला तीन, असे सोळापर्यंत. सुरांची पट्टीही त्याच प्रमाणात चढत जाई. सतरावी पट्टी ठोक्यांची ठेवण बदलण्यासाठी होती. जानेवारी १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या 'न्यू स्कूल' या संस्थेत ते लोकांना ऐकविण्यात आले. जगातले पहिले विद्युत्तालयंत्र म्हणून आज त्याचाच उल्लेख होतो.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले. हे यंत्र वादकाला घरी बसविण्यासाठी जन्मलेच नव्हते. जे दहा बोटांच्या आवाक्याबाहेर होते तेवढ्यासाठी ते केले होते, आणि पट्टी दाबायला तिथेही माणूसच लागत होता. तयार ताल भरलेली आणि एकट्या वादकाला साथ देणारी यंत्रे नंतर आली. वुर्लिट्झर कंपनीचे 'साइड मॅन' १९५९ मध्ये निघाले, रोलंडचे 'टी.आर. ८०८' १९८० मध्ये. वादकाची जागा घेण्याचे काम या पुढच्या पिढीच्या वाट्याला आले.

टर्मेनचे पुढचे आयुष्य मात्र एखाद्या कादंबरीकाराने लिहिले असते तर खोटे वाटले असते. त्याच्या वाद्याची श्रेष्ठ वादक क्लारा रॉकमोर. तिच्यावर त्याचे प्रेम होते, पण तिने दुसऱ्याशी लग्न केले. त्याने मग लाविनिया विल्यम्स या कृष्णवर्णीय नर्तकीशी विवाह केला. त्या काळच्या अमेरिकेत याबद्दल अनेकांनी त्याच्याशी संबंध तोडले. कर्ज वाढत गेले. १९३८ मध्ये तो अचानक बोटीने रशियाला परतला. कुणी म्हणतात पळवून नेले, कुणी म्हणतात कर्जाला कंटाळून आपण होऊन गेला. पत्नी मागे राहिली आणि दोघे पुन्हा कधीही भेटले नाहीत.

मायदेशी मार्च १९३९ मध्ये त्याला अटक झाली. आठ वर्षांची शिक्षा ठोठावून त्याला कोलिमाच्या गोठलेल्या मुलखात पाठविण्यात आले. पुढे शास्त्रज्ञ-कैद्यांच्या प्रयोगशाळेत त्याला कामाला जुंपले. तेथे त्याने जी वस्तू बनविली, तिने मी अस्वस्थ झालो. ऑगस्ट १९४५ मध्ये रशियन शाळकरी मुलांनी अमेरिकेच्या राजदूताला लाकडात कोरलेले एक सुंदर राजचिन्ह भेट दिले. ते राजदूताच्या मॉस्कोतील निवासस्थानी भिंतीवर लागले. त्याच्या पोटात टर्मेनचे यंत्र होते. त्याला ना बॅटरी, ना तार. बाहेरून रेडिओलहर सोडली की खोलीतल्या बोलण्याने आतला पातळ पडदा थरथरे आणि ती थरथर लहरीवर स्वार होऊन बाहेर जाई. १९५२ पर्यंत ते कुणाला सापडले नाही. हवेतून सूर ऐकणाऱ्या कानाला सत्तेने भिंतीला कान लावायला बसविले! १९४७ मध्ये सुटका झाली, स्टालिन पारितोषिकही मिळाले, पण काम त्याच खात्यात चालू राहिले.

साठीनंतर तो मॉस्कोच्या संगीतशाळेत रमला आणि पुन्हा वाद्ये बांधू लागला. इकडे अमेरिकेत तो जिवंत आहे हेही कुणाला ठाऊक नव्हते. १९६७ मध्ये एका अमेरिकन वृत्तपत्राच्या समीक्षकाला तो तिथे दिसला आणि बातमी छापून आली. परिणाम काय, तर वरिष्ठांनी त्याला कामावरून काढले व त्याची वाद्ये बाहेर टाकली.

पण विद्या अशी संपत नाही. टर्मेन कैदेतून सुटला त्याच सुमारास अमेरिकेत रॉबर्ट मूग हा चौदा वर्षांचा मुलगा मासिकातला आराखडा पाहून घरी थेरमीन जुळवीत होता. मोठेपणी त्याने थेरमीनचे सुटे संच विकले, १९६१ च्या सुमारास असे सुमारे एक हजार संच गेले. त्या कमाईतून व अनुभवातूनच १९६४ मध्ये त्याचा सिंथेसायझर जन्मला. माझ्या टेबलावरचा संच याच कुळातला! मॉस्कोत टर्मेन आपल्या नात्यातील लिडिया काविना या नऊ वर्षांच्या मुलीला वाद्य शिकवीत होता. पुढे ती त्याची नामवंत वादक झाली. १९९१ मध्ये, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, तो अमेरिकेला जाऊन आला आणि क्लारा रॉकमोरला भेटला. ३ नोव्हेंबर १९९३ रोजी मॉस्कोत त्याचे निधन झाले.

आता माझ्या यंत्राचे काय झाले ते सांगून थांबतो. भाऊबीजेच्या रात्री ते प्रथम वाजले. मी केरवा बसविला होता, पण काहीतरी चुकत होते. प्रत्येक वेळी ताल अडखळे. मी नकाशा पुन्हा पुन्हा पाहिला, डाग पुन्हा दिले. तेवढ्यात ओट्यावरून आप्पांचा आवाज आला, की पोरा, आठव्यानंतर दोन मात्रा रिकाम्या जातायत, दहा मोजतंय ते.

मी आयसीकडे पाहतच राहिलो. आठ मोजून परत फिरण्यासाठी नवव्या क्रमांकाचा पाय पंधराव्याला जोडायचा असतो. मी पंधरावा नुसता ग्राउंडला जोडून मोकळा झालो होतो, म्हणून ते खरोखरच दहा मोजत होते. चौथी शिकलेल्या आप्पांनी नकाशा न पाहता यंत्रातली चूक कानाने पकडली होती. मी तार बदलली. केरवा सरळ चालू लागला.

आप्पा आत आले. थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि याला सात मोजता येतात का, असे त्यांनी विचारले. मी तार नवव्या पायावरून काढून सहाव्याला लावली. रूपक सुरू झाला. आप्पांनी खुंटीवरची ढोलकी काढली, दोर ताणले आणि त्या कोरड्या ठेक्यावर दुगुन धरली. यंत्र सात मोजत राहिले. बाकी सगळे आप्पांनी वाजविले.

— द्वितीय वर्ष, कला