सुझान लेंग्लेन आणि तिच्याशी खेळणारे

आमच्या महाविद्यालयात टेनिसचे कोर्ट एकच. मुरमाचे, पावसाळ्यात तळे होणारे आणि उन्हाळ्यात पाणी मारल्याशिवाय धूळ उडवणारे. गेल्या वर्षी त्या कोर्टावर येणाऱ्या मुली दोनच होत्या, तृतीय वर्षातील ताई आणि मी. ताई नात्याने नव्हे. वयाने आणि खेळाने मोठी म्हणून ताई. ती दोन वर्षे आंतरमहाविद्यालयीन सामने खेळलेली, तर मला रॅकेट हाती धरून जेमतेम आठ महिने झालेले. मी चेंडू मारायचा, तो नेटात जायचा आणि तो आणायला मीच धावायचे, असा आमचा रोजचा सराव! डिसेंबरात सामने जवळ आले तेव्हा ताईने जिमखान्याच्या सरांना सांगितले की, हिच्याशी खेळून माझा हात बिघडतो, मला मुलांबरोबर खेळू द्या. सांगितले तेही माझ्यासमोरच. त्यात खोटे काही नव्हते, आणि म्हणूनच ते जास्त लागले.

त्यानंतर आठवडाभर मी कोर्टाकडे फिरकले नाही. संध्याकाळी ग्रंथालयात जाऊन बसू लागले. तिथे सुझान लेंग्लेन या फ्रेंच खेळाडूविषयी वाचायला मिळाले, आणि पुढे जिथे जिथे तिच्याबद्दल काही सापडेल ते मी वाचत गेले. तिचे पराक्रम पुष्कळांना ठाऊक असतील. मला मात्र वाचताना सारखे एकच दिसत होते: ती कोणाशी खेळत होती?

सुझानचा जन्म पॅरिसमध्ये 24 मे 1899 रोजी झाला. लहानपणी ती दम्याने बेजार असे. वडील शार्ल लेंग्लेन खाऊनपिऊन सुखी गृहस्थ. मोकळ्या हवेत खेळली तर पोरीची प्रकृती सुधारेल, एवढ्याच विचाराने त्यांनी 1910 साली तिच्या हाती रॅकेट दिली. उन्हाळ्यात काँपिएन्यजवळच्या खेड्यातले घर आणि थंडीत दक्षिणेला समुद्रकाठी नीस शहर, असा या कुटुंबाचा क्रम होता. नीसमधले त्यांचे घर टेनिस क्लबाच्या अगदी समोर. हिवाळ्यात युरोपातले नामांकित खेळाडू त्या किनाऱ्यावरच्या सामन्यांसाठी येत. शार्ल स्वतः काही मोठे खेळाडू नव्हते, पण त्यांना पाहण्याची दृष्टी होती. पुरुषांचा आणि बायकांचा खेळ शेजारी शेजारी पाहून त्यांनी ठरवले की, आपली मुलगी पुरुषांसारखी खेळेल. त्या काळी बहुतेक स्त्रिया बेसलाइनवर उभ्या राहून चेंडू इकडून तिकडे पोहोचवीत असत. नेटपाशी धावून जाणे, व्हॉली मारणे, डोक्यावरून आलेला चेंडू ठोकणे हे पुरुषांचे काम समजले जाई.

मग पुरुषांसारखे खेळायचे तर पुरुषांशीच खेळले पाहिजे. क्लबात जोझेफ नेग्रो नावाचा पगारी शिक्षक होता. आपल्याकडे जिमखान्यात ज्याला मार्कर म्हणतात तसाच म्हणा ना. त्याच्या भात्यात नाना तऱ्हेचे फटके होते, आणि तो या मुलीशी रोज खेळू लागला. क्लबातले इतर पुरुष खेळाडूही तिच्या वाट्याला येत. अशा माणसांपुढे ताकदीचा काय उपयोग? चेंडू नेमका कुठे टाकायचा हे कळले तरच निभाव लागायचा. वडील कोर्टावर हातरुमाल पसरून ठेवीत आणि तिने चेंडू त्यावरच पाडायचा. जमू लागले की रुमालाची घडी आणखी लहान करायची. पुढे रुमालाच्या जागी नाणे आले असेही सांगतात. नाण्याचे खरे-खोटे देव जाणे. रुमालावर मात्र माझा विश्वास आहे, कारण तो प्रयोग मी स्वतः केला आहे. त्याविषयी पुढे सांगते.

हे सारे लाडाकोडात चालले होते असे कोणी समजू नये. खेळ वाईट झाला की त्या दिवशी पावाला मुरंबा नाही, असा त्या घरचा कायदा. लोकांदेखत बोलणी बसत ती वेगळीच. सुझानच्या यशाचे श्रेय शार्ल यांना देणारे पुष्कळ आहेत. मला तो माणूस आवडला नाही.

रॅकेट हाती आल्यावर काही महिन्यांतच तिने शांतियीच्या स्पर्धेत हँडिकॅप गटात भाग घेतला आणि दुसरा क्रमांक मिळवला. हा हँडिकॅपचा प्रकार आता फारसा आढळत नाही, म्हणून थोडे थांबून सांगते. दोघांच्या खेळात अंतर असेल तर कच्च्या खेळाडूला प्रत्येक गेमच्या आरंभीच पंधरा किंवा तीस गुण द्यायचे. उलट पक्क्या खेळाडूवर तितक्या गुणांचे कर्जही ठेवता येई, म्हणजे ते फेडून झाल्यावरच त्याची शून्यापासून सुरुवात. यामुळे दोघांनाही घाम गाळावा लागे. कच्च्याला जिंकण्याची आशा राही आणि पक्क्याला एकही चेंडू आळसाने मारता येत नसे. अकरा वर्षांची पोर मोठ्यांच्या स्पर्धेत टिकली ती या सवलतीच्या आधाराने, हे विसरू नये.

ती सवलत तिला फार दिवस लागली नाही. 1914 साली पॅरिसजवळ सँ-क्लू येथे मातीच्या कोर्टावरची जागतिक स्पर्धा तिने जिंकली. त्याच सुमारास तिला पंधरा वर्षे पूर्ण झाली आणि दोनच महिन्यांनी महायुद्ध पेटले. स्पर्धा बंद पडल्या, पण नीसमधला सराव चालूच राहिला.

युद्ध संपल्यावर 1919 साली ती विम्बल्डनला गेली. हिरवळीवरची तिची ही पहिलीच स्पर्धा. अखेरच्या सामन्यात समोर होत्या डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स; वय चाळीस, सात वेळा विजेत्या. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी पाहायला आलेले. पहिला सेट सुझानने 10–8 असा घेतला, दुसरा बाईंनी 6–4. तिसऱ्यात बाई 6–5 आणि 40–15 अशा पुढे गेल्या. आता दोनपैकी एक गुण मिळाला की सामना संपला! त्यातला एक चेंडू सुझानच्या रॅकेटच्या लाकडाला लागून कसाबसा नेटपलीकडे पडला. इतकी वर्षे हातरुमालावर नेम धरला, आणि वाचवले ते लाकडाने! शेवटी तिने तो सेट 9–7 असा जिंकला. मधूनमधून वडील प्रेक्षकांतून कोन्याकमध्ये भिजवलेले साखरेचे खडे तिच्याकडे टाकीत होते. एकूण 44 गेम झाले. स्त्रियांच्या अंतिम सामन्यातला हा विक्रम 1970 पर्यंत टिकला.

माझ्या मते सुझानला खऱ्या अर्थाने बरोबरीचे कोणी भेटले असेल तर ते त्या दिवशी. पुढे विम्बल्डनचे एकेरीचे विजेतेपद तिने 1920 ते 1923 आणि पुन्हा 1925 साली मिळवले. 1924 साली काविळीच्या दुखण्यातून उठून आलेली असताना मधेच माघार घ्यावी लागली. 1921 साली अमेरिकेत मोला मॅलरीपुढे पहिला सेट 2–6 असा गमावून तिने सामना अर्ध्यावर सोडला, आणि लोकांनी तिची टिंगल केली. दुसऱ्या वर्षी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात तिने त्याच मॅलरीला 6–2, 6–0 असे सव्वीस मिनिटांत घरी पाठवले. युद्धानंतर एकेरीत ती हरली ती त्या एकाच सामन्यात. मग उरले कोण? पुरुषांतला अव्वल खेळाडू बिल टिल्डन याने 1921 मध्ये सरावाच्या एका सेटमध्ये तिला 6–0 असे हरवले. म्हणजे वर पाहावे तर टिल्डन आणि खाली पाहावे तर सगळ्या स्त्रिया, आणि मधे ती एकटी!

दुहेरीत मात्र तिला जोडीदारीण उत्तम लाभली. एलिझाबेथ रायन ही अमेरिकन बाई एकेरीत सुझानपुढे टिकत नसे, पण दोघींनी मिळून विम्बल्डनचे दुहेरीचे सहा किताब मिळवले. रायनने आयुष्यात विम्बल्डनचे एकूण 19 किताब जिंकले, सगळे दुहेरीचे किंवा मिश्र दुहेरीचे. एकेरीचा एकही नाही. कच्चे कोण आणि पक्के कोण हे नेटच्या कुठल्या बाजूला उभे आहात त्यावर ठरते की काय, असे मला रायनविषयी वाचताना वाटले.

16 फेब्रुवारी 1926 रोजी कान येथे सुझान आणि वीस वर्षांची अमेरिकन हेलन विल्स यांचा एकमेव सामना झाला. विल्सही पुरुषांबरोबर सराव करून तयार झालेली. सुझान 6–3, 8–6 अशी जिंकली, पण दमछाक झाली ती झालीच. त्याच वर्षी विम्बल्डनला फ्रेंच संघटनेने तिची आणि रायनची जोडी फोडून तिला एका फ्रेंच मुलीबरोबर खेळायला लावले, आणि पहिल्याच फेरीत रायनने मेरी ब्राऊनला साथीला घेऊन त्या दोघींना हरवले. सामन्याच्या वेळेच्या घोटाळ्यात राणी मेरीला तिष्ठत बसावे लागले, वर्तमानपत्रांनी झोड उठवली, आणि सुझानने स्पर्धा सोडली ती कायमचीच.

नंतर अमेरिकन व्यवस्थापक पाइल याच्याशी करार करून ती धंदेवाईक झाली. 9 ऑक्टोबर 1926 रोजी न्यूयॉर्कमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुमारे 13,000 प्रेक्षकांपुढे दौरा सुरू झाला. प्रतिस्पर्धी कोण? तीच मेरी ब्राऊन, वय पस्तीस. दौऱ्यात दोघी 38 वेळा समोरासमोर आल्या आणि 38 वेळा सुझान जिंकली. दोघींना पैसे मिळाले हे खरे. पण निकाल आधीच ठाऊक असलेला सामना गावोगाव खेळत हिंडायचे, हे दोघींपैकी कोणाला अधिक जड गेले असेल? मी ब्राऊनच्या बाजूने विचार करायला बसले होते. अखेरीस कीव आली ती सुझानची.

पुढच्या वर्षांत तिने पॅरिसमध्ये टेनिसची शाळा चालवली. जिने लहानपणी मोठ्या माणसांकडून चेंडू घेतले, ती आता नवशिक्यांना चेंडू देत होती. 4 जुलै 1938 रोजी रक्तक्षयाच्या विकाराने ती गेली तेव्हा चाळिशीही आली नव्हती. पॅरिसच्या रोलाँ गारोसवरील दुसऱ्या क्रमांकाच्या कोर्टाला 1997 साली तिचे नाव देण्यात आले.

आता आमच्या कोर्टाचे सांगते. ताई महिनाभर मुलांबरोबर खेळली. त्यांचे चेंडू वेगाने येत, आणि ती नुसती रॅकेट आडवी धरून तो वेग परत पाठवायला शिकली. सामन्यात दुसऱ्या फेरीत तिची गाठ पडली एका अशा मुलीशी की, जी प्रत्येक चेंडू उंच आणि संथ टाकीत होती. अगदी माझ्यासारखी. त्या चेंडूत वेग नव्हताच, तो आपल्या हाताने घालावा लागत होता. ताई 4–6, 3–6 अशी हरली. मी बाकावर बसून पाहत होते. मला आनंद झाला नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. तो परतीच्या बसमध्ये बसेपर्यंत टिकला, कारण ताई सारा रस्ता खिडकीबाहेर पाहत होती.

जानेवारीत मी सुझानच्या कथेची टिपणे तिला वाचायला दिली. ती त्यावर काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरातून तीन हातरुमाल घेऊन आली, मागच्या रेषेजवळ पसरले, आणि मला म्हणाली की, आजपासून प्रत्येक गेममध्ये तुला तीस. पहिल्या दिवशी मला तीसचे चाळीस करता आले नाहीत. रुमालांपैकी एकाला माझा चेंडू लागला तो चौथ्या दिवशी, आणि तोही दुसऱ्याच रुमालावर नेम धरला असताना. ताईला मात्र माझ्या तीस गुणांमुळे एकही चूक परवडत नसे, आणि माझे ते उंच, संथ चेंडू ती आता पुढे येऊन मारू लागली होती.

मार्चअखेर परीक्षेसाठी कोर्ट बंद झाले. त्या शेवटच्या आठवड्यात ताई मला तीसऐवजी पंधराच देत होती. त्यावरही मी एक सेट 6–4 असा घेतला. यंदा ती इथे नाही. प्रथम वर्षाची एक मुलगी नवी रॅकेट घेऊन येऊ लागली आहे. तिला मी सध्या चाळीस देते.